डाव्या बाजूचा चेंडू

लॅम्बर्ट टॉलीला चेंडू टाकायला शिकवलं ते रूबेन गार्थनं. टॉली घराणं म्हणजे लेन नदीच्या अलीकडचे मोठे जमीनदार. तीन मुलगे आणि एक मुलगी. थोरल्याला जमीन मिळणार, मधला फौजेत जाणार, हे पाळण्यातच ठरलेलं. धाकट्या लॅम्बर्टसाठी काही उरलंच नव्हतं. त्यामुळे वसंत ऋतूत मुलांना क्रिकेट शिकवायला रूबेनला बोलावलं जायचं, तेव्हा थोरले दोघं दोन दिवसांत कंटाळायचे आणि लॅम्बर्ट मात्र अंधार पडेपर्यंत त्याला सोडायचा नाही.

"धाकटे मालक, आता चेंडू दिसत नाही हो," रूबेन म्हणायचा.

"तुला नाही दिसत. मला दिसतो."

"तुम्हाला दिसतो, पण खेळायचं मला आहे ना!"

रूबेन नदीपलीकडचा. उन्हाळ्यात तिकडच्या काउंटीकडून पगारी खेळाडू म्हणून खेळायचा आणि हिवाळ्यात चुनाभट्टीवर राबायचा. लॅम्बर्ट मोठा झाला, विद्यापीठातून पदवी न घेताच परत आला आणि अलीकडच्या काउंटीकडून खेळू लागला. पगार अर्थातच नाही. तो हौशी खेळाडू, घरंदाज माणूस. धावफलकाच्या छापील कागदावर त्याच्या नावामागे 'मिस्टर' लागायचं, रूबेनचं नुसतं आडनाव असायचं. हौशी मंडळी मधल्या फाटकातून मैदानात उतरायची, पगारी खेळाडू कडेच्या फाटकातून. जेवणाचंही तसंच, इकडे तंबूत गार मांस आणि लाल वाइन, तिकडे कुंपणाशी पाव, चीज आणि बिअर. लोकांसमोर लॅम्बर्ट त्याला 'गार्थ' म्हणायचा. एकटे असले की 'रूबेन'. रूबेन मात्र कुठेही, कुणासमोरही 'धाकटे मालक'च म्हणायचा, आणि इतर खेळाडू हसले की लॅम्बर्टचे कान लाल व्हायचे.

लॅम्बर्ट वेगवान गोलंदाज झाला. त्या काळात खेळपट्ट्या म्हणजे मेंढ्यांनी चरलेलं, वरवर विळा फिरवलेलं गवत. मध्येच खडा असायचा, मध्येच खळगा. तसल्या जमिनीवर त्याचा चेंडू कधी घोट्याशी सरपटायचा, कधी हनुवटीपर्यंत उसळायचा. वर्तमानपत्रांत नाव येऊ लागलं. वडील कधी नव्हे ते जेवणाच्या टेबलावर त्याच्याशी बोलू लागले. बहीण हेस्टर त्याचे पांढरे फ्लॅनेलचे कपडे स्वतः तपासून द्यायची. आयुष्यात पहिल्यांदाच त्याला वाटलं, की आपणही कुणीतरी आहोत.

ज्या वर्षी हे सगळं घडलं, त्या वर्षी नदीपलीकडच्या काउंटीशी सामना जूनमध्ये होता. आदल्या संध्याकाळी लॅम्बर्ट मैदान बघायला गेला, तर कुंपणाशी बाकावर रूबेन बॅटला तेल चोळत बसलेला. केस पिकले होते. जवळ गेल्यावर लॅम्बर्टच्या लक्षात आलं, की आपण डावीकडून आलो ते त्याला कळलंच नाही.

"रूबेन!"

रूबेन दचकला. मग सगळं डोकं वळवून त्यानं पाहिलं. "अरे, धाकटे मालक! असं चोरपावलांनी येतात का?"

"चोरपावलांनी कुठं? घोड्यासारखा धडधडत आलो. कान गेले की काय तुझे?"

"कान नाही." आजूबाजूला कुणी नव्हतं. "डोळा गेलाय. हा, डावा. भट्टीवर चुना उडाला हिवाळ्यात. नुसतं धुकं दिसतं. माझ्या बायकोला, टॅबिथाला ठाऊक आहे, आता तुम्हाला."

"आणि तू खेळतोयस?"

"उजवा आहे की शाबूत. जरा मान वळवून उभं राहायचं, बस. लोकांना वाटतं म्हातारा ऐटीत उभा राहतोय." तो हसला. "पुढच्या उन्हाळ्यात माझ्यासाठी सामना ठेवणार आहेत. जमेल ते तिकिटाचं उत्पन्न मला. मग मी कशाला खेळतोय? एखादी खानावळ चालवीन. तेवढं एक वर्ष काढायचंय. कळलं तर उद्याच घरी बसवतील. कुणाला बोलू नका हं."

"वेडा आहेस का? मी कशाला बोलू?"

आणि तो खरंच कुणाला बोलला नाही.

सामना रंगला तो शेवटच्या दिवशी. पलीकडच्यांना जिंकायला थोड्याच धावा हव्या होत्या. एकेक जण येऊन बाद होऊन जात होता, पण रूबेन एका बाजूला पाय रोवून उभा होता. लॅम्बर्टचे सगळे चेंडू तो खाली दाबत होता, मधूनच एखादा पायाकडे ढकलून धाव काढत होता. त्याला बाद केल्याशिवाय सामना हाती येणार नाही, हे कुंपणावर बसलेल्या पोरांनाही दिसत होतं.

अलीकडच्या संघाचा कप्तान ऑब्री फेन. मोठ्या घरचा, देखणा, सगळ्या गोष्टींत गंमत पाहणारा. तो लॅम्बर्टजवळ आला आणि चेंडू त्याच्या हातात देत म्हणाला, "टॉली, तुझे गुरुजी तुला अजून धडे देताहेत वाटतं. काढू का तुला? दुसऱ्या कुणाला तरी देतो."

"एक षटक दे."

"पुन्हा तेच टाकणार?"

"नाही," लॅम्बर्ट म्हणाला. "बाजू बदलतो."

पंचाला सांगून तो स्टंपांच्या पलीकडच्या बाजूला गेला. तिकडून आलेला चेंडू रूबेनच्या डाव्या अंगानं येणार होता. हे त्याला माहीत होतं. पुढे कितीतरी वर्षं तो स्वतःला विचारत राहिला, की त्या क्षणी मला नक्की किती माहीत होतं? त्याला रूबेनला इजा करायची नव्हती, एवढं खरं. पण रूबेनला त्या बाजूनं दिसत नाही, हेही त्याला माहीत होतं आणि त्याच बाजूनं त्याला चेंडू टाकायचा होता.

रूबेननं त्याला बाजू बदलताना पाहिलं. बॅट उचलून तो सरळ उभा राहिला आणि नुसता बघत राहिला. तक्रार नाही, काही नाही. मग मान अगदी खांद्यापर्यंत वळवून पुन्हा वाकला.

पहिला चेंडू त्याच्या अंगावरून गेला, तो हललाही नाही. दुसरा त्याला मांडीवर लागला. लोक हसले. तिसरा चेंडू लॅम्बर्टनं जीव तोडून टाकला. तो आखूड पडला, एखाद्या खड्यावर आपटला असावा, आणि सरळ वर आला. दुसऱ्या कुणीही मान मागे घेतली असती. रूबेन जागचा हललाच नाही. चेंडू डाव्या कानशिलावर लागल्याचा आवाज कुंपणापलीकडे बसलेल्या बायकांपर्यंत गेला. तो गुडघ्यांवर आला, मग आडवा झाला, आणि पडता पडता त्याचीच बॅट स्टंपांवर आदळली.

"बाद!" मागून कुणीतरी ओरडलं. पंचानं बोट वर केलं.

लॅम्बर्ट धावत गेला. रूबेननं डोळे उघडले, कुणाच्या तरी हातातलं पाणी प्यायला, उठून बसला. चेहरा पांढरा पडला होता.

"रूबेन, मी... रूबेन."

"छान पडला चेंडू, धाकटे मालक," तो म्हणाला. आवाजात राग नव्हता. राग असता तर लॅम्बर्टला बरं वाटलं असतं. मग कुणाचाही हात न धरता तो कडेच्या फाटकाकडे चालत गेला. सामना अलीकडच्यांनी जिंकला. तंबूत शँपेन फुटली. ऑब्रीनं लॅम्बर्टच्या पाठीवर थाप मारली आणि लॅम्बर्टनं पेला उचलला.

रूबेन त्या संध्याकाळच्या गाडीनं घरी गेला. डोकं दुखतंय म्हणाला. चार दिवस अंथरुणावर होता, मग गेला.

चौकशी नदीपलीकडच्या मारफील्ड गावातल्या एका दारूच्या गुत्त्यात, वरच्या खोलीत झाली. मृत्यू कशानं आला हे ठरवायला कॉरोनर आणि गावातले पंच बसले होते. लॅम्बर्टला साक्षीला बोलावलं होतं. तो अंगणात घोड्यावरून उतरला, तेव्हा काळ्या कपड्यांतली एक बाई पंपाशी उभी होती. टॅबिथा गार्थ. तिला त्यानं लहानपणी एकदाच पाहिलं होतं.

"टॉलीसाहेब, जरा इकडे."

तो गेला. "मिसेस गार्थ, मला फार..."

"ते राहू द्या. वर जाऊन काय सांगणार आहात?"

"जे घडलं ते."

"डोळ्याचं?" ती हळू पण ठाम आवाजात म्हणाली. "ह्यांनी तुम्हाला सांगितलं होतं. मला घरी आल्यावर म्हणाले, मी धाकट्या मालकांना सांगून टाकलं, आता बरं वाटतंय. ते सामन्याच्या आदल्या रात्री. आणि पडून होते तेव्हा एकदाच म्हणाले, त्यांनी बाजू बदलली गं. तेवढंच."

लॅम्बर्टनं वरच्या खोलीच्या खिडकीकडे पाहिलं.

"मी भांडायला नाही आले. आमच्या काउंटीच्या कमिटीची माणसं घरी येऊन गेली. मैदानाशेजारची खोली देताहेत राहायला. खेळाडूंचे कपडे धुवायचे, सामन्याच्या दिवशी चहा करायचा. दोन पोरी आहेत मला, साहेब. आंधळा माणूस कमिटीला फसवून खेळत होता असं निघालं, तर कोण खोली देईल? तुम्ही गप्प राहायचं. समजलं?"

"पण मग माझी..."

"तुमचं काय ते तुम्ही बघा."

वर कॉरोनरनं त्याला आदरानं खुर्ची दिली. बाजू का बदललीत, असं विचारलं. लॅम्बर्ट म्हणाला, खेळपट्टी एका बाजूनं उखडली होती. अशी बाजू बदलण्यात काही वावगं आहे का, असं कॉरोनरनं पुढे विचारलं. नाही, तो म्हणाला, गोलंदाज नेहमीच करतात. पंचांनी डोकी जवळ आणली आणि अपघाती मृत्यू असा निकाल दिला. वर अशी पुस्तीही जोडली, की मिस्टर टॉली यांना झालेल्या मनस्तापाबद्दल सहानुभूती वाटते.

त्यानंतर तो दोन उन्हाळे खेळला. वेग गेला होता. धावत यायचा तसाच, पण शेवटच्या पावलाला हात आपोआप ढिला पडायचा. कुंपणावरून लोक ओरडायचे, "अहो मिस्टर, चेंडू आहे, अंडं नाही!" मग तो फिरकी टाकू लागला, त्यातही गती नव्हती. तरी त्याला संघातून कुणी काढलं नाही. हौशी माणसाला कोण काढणार? घरी तो जेवताना मध्येच थांबायचा. हेस्टर विचारायची, "काय झालं?" तो म्हणायचा, "काही नाही." एकदा तिनं त्याला न्हाणीघरात आरशासमोर उभा पाहिला. डावा डोळा हातानं झाकून तो कितीतरी वेळ स्वतःकडे बघत होता.

कुणाला तरी सांगायलाच हवं, असं त्याला वाटू लागलं. धर्मगुरूला सांगावं तर तो वडिलांचा मित्र. हेस्टरला सांगावं तर ती आपल्याकडे पूर्वीसारखी बघणार नाही. दुसऱ्या वर्षीच्या शरदात ऑब्रीनं त्याला तितर मारायला बोलावलं. दुपारी बांधावर बसून ते दम खात होते. कुत्री धापा टाकत पडली होती. लॅम्बर्टनं सगळं सांगून टाकलं. बाकावरचं बोलणं, बाजू बदलणं, सगळं. फक्त टॅबिथाचं नाव घेतलं नाही.

ऑब्रीनं ऐकून घेतलं. मग म्हणाला, "म्हणजे तुला ठाऊक होतं त्याला दिसत नाही?"

"हो."

"आणि म्हणून बाजू बदललीस?"

"हो."

"मग त्यात एवढं काय?" ऑब्री खरोखरच गोंधळला होता. "अरे, एखादा डाव्या पायानं लंगडत असला तर तू त्याला डावीकडे पळवशील की नाही? हुशारीच केलीस. मी म्हणत होतो, याला एकदम ही युक्ती कुठून सुचली!"

"ऑब्री, तो मेला."

"खड्यानं मेला. आणि खरं सांगू? आंधळ्यानं खेळायला उतरायचंच कशाला? फसवलं त्यानंच." त्यानं लॅम्बर्टच्या गुडघ्यावर थोपटलं. "दोन वर्षं हे उराशी घेऊन बसलास होय? वेडा कुठला! ऊठ, पक्षी वाट बघताहेत."

लॅम्बर्ट उठला. दुपारभर बंदूक चालवत राहिला. सांगितल्यावर हलकं वाटेल असं त्याला वाटलं होतं. वाटलं नाही.

ऑब्रीच्या मनात वाईट काही नव्हतं. त्याला ती गोष्ट चांगली वाटली, आणि चांगली गोष्ट तो पोटात ठेवणाऱ्यांतला नव्हता. हिवाळ्यात नदीपलीकडच्या काउंटीच्या कमिटीचं जेवण होतं, त्याला बोलावणं होतं. पोर्ट वाइन फिरत असताना त्यानं ती गोष्ट रंगवून सांगितली. म्हाताऱ्या गार्थनं सगळ्यांना कसं बनवलं, आणि एका टॉलीनं ते कसं ओळखलं. काही जण हसले. अध्यक्ष हसले नाहीत.

ख्रिसमस उलटल्यावर, एका सकाळी, टॅबिथा टॉलींच्या घरी मागल्या दारानं आली. बूट चिखलानं भरलेले. नदीपासून चालत आली होती. हेस्टरनं तिला स्वयंपाकघरात शेकोटीजवळ बसवलं आणि लॅम्बर्टला बोलावलं. तो दारात दिसताच टॅबिथा उभी राहिली.

"खोली सोडायला सांगितलीय," ती म्हणाली.

त्याला लगेच कळलं. तरी त्यानं विचारलं, "का?"

"का ते मला विचारता? कमिटी म्हणते, गार्थनं फसवलं. फसवणाऱ्याच्या बायकोला क्लबाच्या खोलीत ठेवणं शोभत नाही. कपड्यांचं कामही गेलं. थोरलीला मैदानावरच्या पोरी 'आंधळ्याची' म्हणून चिडवतात." तिचा आवाज चढला नव्हता. "मी तुमच्याकडे एकच गोष्ट मागितली होती."

"मी एकालाच सांगितलं. मित्राला. मला सहन होत नव्हतं, मिसेस गार्थ."

"तुम्हाला सहन होत नव्हतं." ती ते शब्द तसेच पुन्हा बोलली. "आणि आता? होतंय?"

हेस्टर भावाकडे बघत होती. तिला निम्मंच समजलं होतं, पण तेवढं पुरेसं होतं.

"मी जाऊन सांगतो कमिटीला," लॅम्बर्ट म्हणाला. "सगळ्यांसमोर सांगतो, की दोष माझा आहे."

"पुन्हा बोलायचंय?" टॅबिथा एकदम म्हणाली. "नको हो, हात जोडते. तुमच्या एकदा बोलण्यानंच आमचं हे असं झालं. गप्प बसा आता तरी."

चुलीवरचं पाणी उकळत होतं, ते कुणी उतरवलंही नाही. मग हेस्टर म्हणाली, "आमच्या इस्टेटीवर गिरणीपाशी एक घर रिकामं आहे. दर तीन महिन्यांनी काही पैसे पाठवत जाऊ. मी वडिलांशी बोलते."

लॅम्बर्टला वाटलं, टॅबिथा नाही म्हणेल. त्याची तशी इच्छाही होती. तिनं ते तोंडावर फेकलं असतं, तर त्याला मान खाली घालून उभं राहता आलं असतं.

"घेईन," टॅबिथा म्हणाली. "पोरींना उपाशी ठेवून मानानं राहायची चैन मला परवडत नाही. पण बाई, तुम्ही येत जा. ह्या साहेबांनी यायचं नाही. मी रस्त्यात दिसले तरी टोपी काढून ओळख द्यायची नाही." मग तिनं शाल घट्ट केली. हेस्टरनं दिलेल्या चहाला तिनं हातही लावला नव्हता.

पुढच्या उन्हाळ्यात लॅम्बर्ट पहिल्याच सामन्यात, जेवणाच्या सुट्टीत, कपडे बदलून घरी निघून गेला. तब्येत बरी नाही असं कळवलं. पुन्हा खेळला नाही. ऑब्रीनं दोनदा गाडी पाठवली, मग पाठवणं सोडून दिलं. वडील गेले, थोरल्या भावाची बायको घरात आली, आणि लॅम्बर्ट आणि हेस्टर फाटकाजवळच्या लहान घरात राहायला गेले. हेस्टरनं लग्न केलं नाही. तिला मागणी आली होती एकदा. भावाला एकटं सोडवत नाही म्हणाली, पण त्या दोघांत बोलणं फारसं उरलं नव्हतं. दर तीन महिन्यांनी ती टोपली भरून, वर पाकीट ठेवून, गिरणीकडे जायची. परत आली की तो विचारायचा, "कशा आहेत?" ती म्हणायची, "बऱ्या आहेत." त्याहून जास्त त्यानं कधी विचारलं नाही आणि तिनं सांगितलं नाही.

अशी बरीच वर्षं गेली. एका हिवाळ्यात हेस्टर छातीच्या दुखण्यानं अंथरुणाला खिळली. पाठवायला दुसरं कुणी नव्हतं. नोकराहाती पाकीट देणं त्याला बरं वाटेना. शेवटी त्यानं कोट चढवला आणि स्वतःच टोपली घेऊन निघाला. वाटेत दोनदा थांबला. गिरणीपाशी बर्फ साचला होता, घराच्या धुराड्यातून धूर निघत होता.

दार धाकट्या मुलीनं उघडलं. आता ती चांगली उंच, विशीतली झाली होती. हातांना पीठ लागलेलं. तिनं त्याला ओळखलं नाही. वाकलेला, पांढऱ्या दाढीचा, साध्या कोटातला माणूस, तिला तो नोकरच वाटला असावा.

"हेस्टरबाईंकडून आलात? अगंबाई, त्या आजारी आहेत ना? किती गारठलायत तुम्ही! या की आत, शेकोटीजवळ बसा घटकाभर. पाव आत्ताच काढलाय."

आतून पावाचा वास येत होता. लॅम्बर्टनं एक पाऊल उंबऱ्यावर ठेवलं. शेकोटीशी, पाठ करून, टॅबिथा बसली होती. ती वळली. केस अगदी पांढरे झाले होते, पण नजर तीच होती. तिनं त्याच्याकडे पाहिलं, मुलीकडे पाहिलं. तिला ओरडता आलं असतं. मुलीला सांगता आलं असतं, हा कोण आहे ते. तिनं काहीच सांगितलं नाही.

"टोपली घे गं," ती म्हणाली. "आणि दार लाव. थंडी येतेय."

मुलगी ओशाळली. "आई, असं काय? एवढ्या लांबून आलेत."

"लाव म्हटलं ना."

मुलीनं टोपली घेतली. "माफ करा हं, आईची तब्येत बरी नसते," ती हळूच म्हणाली आणि एक पावाचा तुकडा कापडात गुंडाळून त्याच्या हातात दिला. मग दार लागलं.

तो थोडा वेळ बर्फात उभा राहिला. आतून मुलीचा आवाज येत होता, आईला काहीतरी विचारत होती. आईचं उत्तर ऐकू येण्याआधीच तो वळला आणि घराच्या वाटेला लागला. घरी पोचल्यावर हेस्टरनं उशीवरून विचारलं, "कशा आहेत?"

"बऱ्या आहेत," तो म्हणाला, आणि तिच्या खोलीतली आग वर करायला खाली वाकला.